डोळ्यांत भरण्याआधी

आमच्या हॉस्टेलमध्ये वर्षातून दोनदा लेन्सची साथ येते. एकदा गॅदरिंगच्या आधी आणि दुसऱ्यांदा कॅम्पस इंटरव्ह्यूंच्या आधी. शाळेपासून ‘ढापणी’, ‘डबल बॅटरी’ अशी बिरुदं मिरवलेली मंडळी एका रात्रीत ठरवतात, की बास झालं, आता चष्म्याला रामराम! मग मजल्यावरच्या एखाद्या अनुभवी लेन्सवालीला गाठलं जातं. पहिला प्रश्न : “कुठल्या कंपनीची घेऊ गं?” दुसरा : “केवढ्याला पडते?” आणि तिसरा, जो फक्त गॅदरिंगच्या वेळी येतो : “मला ब्राऊन चांगली दिसेल का ग्रे?”

मित्रमैत्रिणींनो, या तीन प्रश्नांत वाईट काही नाही. पण माझं म्हणणं असं, की यातला एकही पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न आहे, ‘मी राहते कशी?’ मी झोपते किती वाजता, हात कुठल्या पाण्याने धुते, दिवसातले किती तास कॉम्प्युटरसमोर असते, आणि रोज रात्री न चुकता दहा मिनिटं एखादं काम करण्याइतकी शिस्त माझ्या अंगात आहे का? मोबाईल घेताना आपण रॅम, प्रोसेसर, बॅटरी सगळं तोंडपाठ करून दुकानदाराचा व्हायवा घेतो. आणि बुबुळावर ठेवायची वस्तू घेताना मात्र रंग आणि किंमत! इंजिनीअरिंगच्या पोरांना हे शोभत नाही.

शोभत नाही म्हणायला आणखी एक कारण आहे. सॉफ्ट लेन्स ही मुळात आपल्याच जातीच्या माणसाची, म्हणजे खटपट्या माणसाची करामत. ओटो विख्टरले हे प्रागमधले चेक रसायनशास्त्रज्ञ. १९५०च्या दशकात त्यांनी आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव लिम यांनी पाणी शोषून मऊ राहणारं प्लॅस्टिक, म्हणजे हायड्रोजेल, तयार केलं. पण त्याची लेन्स काही धड जमेना, कडा फाटायच्या. शेवटी १९६१च्या नाताळात विख्टरले यांनी मुलांच्या ‘मेर्कुर’ नावाच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग जोडले, त्याला सायकलचा डायनॅमो लावला आणि घरच्या टेबलावर फिरत्या साच्यात द्रव ओतून पहिल्या चार लेन्स काढल्या. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण ‘फोर्स्ड व्होर्टेक्स’ शिकतो ना? भांडं फिरवलं की द्रवाचा पृष्ठभाग पॅराबोलाकार होतो. बस, तेच! आपण ते परीक्षेपुरतं पाठ करतो, त्या माणसाने त्यातून लेन्स काढली. १९७१ मध्ये अमेरिकेत सॉफ्ट लेन्सला सरकारी मान्यता मिळाली आणि पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोर, खरं तर डोळ्यांतच आहे.

आता मुद्द्याचं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ‘पारपटल’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा या लेखाच्या निमित्ताने वाचला. मी आपली ‘कॉर्निया’च म्हणणार, मराठी विभागाच्या संपादकांनी पदरात घ्यावं. तर ही कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, कारण असत्या तर आरपार दिसलंच नसतं. मग तिला ऑक्सिजन मिळतो कुठून? थेट हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून. झोपेत पापणी मिटलेली असते तेव्हा पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांकडून, पण तो पुरवठा बराच कमी असतो. म्हणजे आपण लेन्स घालतो तेव्हा कॉर्नियाच्या नाकावर रुमाल ठेवतो. रुमाल मलमलीचा आहे का गोणपाटाचा, हा निवडीतला पहिला तांत्रिक मुद्दा.

तो मोजायला एक आकडा असतो, डीके बाय टी. लेन्सच्या मटेरियलमधून ऑक्सिजन किती सहज जातो ते डीके, आणि टी म्हणजे जाडी. १९८४ मध्ये होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी काढलं, की कॉर्निया सुजू नये म्हणून दिवसा वापरायच्या लेन्सला हा आकडा किमान २४ हवा आणि झोपेत ८७. पुढे १९९९ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी झोपेसाठीचा आकडा १२५वर नेला. साध्या हायड्रोजेल लेन्स पन्नाशीच्या आतच घुटमळतात. १९९०च्या दशकाच्या शेवटी आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स ऐंशी-शंभर आणि त्याच्याही वर जातात.

इथे दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं : “मॅडम, यात पाणी जास्त आहे, म्हणजे लेन्स एकदम भारी.” हे अर्धसत्य आहे. साध्या हायड्रोजेलमध्ये ऑक्सिजन पाण्यातून जातो, म्हणून तिथे पाणी जास्त तर ऑक्सिजन जास्त, हे खरं. पण अशी लेन्स दिवसभरात सुकतेही लवकर. सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये ऑक्सिजन सिलिकॉनमधून जातो, तिथे पाण्याचा टक्का कमी असूनही श्वास मोकळा असतो. तेव्हा डब्यावरचा पाण्याचा टक्का एकटा वाचून काही कळत नाही, मटेरियल कुठलं ते विचारायचं.

दुसरा तांत्रिक मुद्दा मापाचा. चष्म्याचा नंबर म्हणजे लेन्सचा नंबर नव्हे. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स थेट डोळ्यावर बसते. उणे ४ पर्यंत हा फरक पोटात घालण्याजोगा. त्यापुढे मात्र हिशेब करावा लागतो. चष्मा उणे ६ असेल तर गणित उणे ५.६०च्या आसपास येतं आणि लेन्स बहुधा उणे ५.५०ची लागते. प्लस नंबरवाल्यांचं उलट, त्यांचा वाढतो. शिवाय बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची वक्रता. खोक्यावर ८.४, ८.६ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ती मिलिमीटरमधली त्रिज्या. लेन्स घट्ट बसली तर ती हलत नाही, खालचे अश्रू बदलत नाहीत आणि कचरा तिथेच साचतो. सैल बसली तर पापणी मिटली की घसरते. एकाच नंबरचे बूट दोन कंपन्यांत वेगळे बसतात ना, तसंच हे. फरक एवढाच, की बूट चावला तर पायाला फोड येतो.

म्हणून पहिली लेन्स मोबाईलवरून मागवायची नाही. नेत्रतज्ज्ञाकडे किंवा शिकलेल्या ऑप्टोमेट्रिस्टकडे जायचं. त्यांनी कॉर्नियाची वक्रता मोजायला हवी, स्लिट लॅम्पखाली डोळा बघायला हवा, अश्रू पुरेसे आहेत का ते तपासायला हवं, ट्रायल लेन्स घालून थोडा वेळ बसवून मग ती कशी बसली ते बघायला हवं, आणि लेन्स घालायला-काढायला शिकवायला हवं. चष्म्याच्या कागदावरचा नंबर बघून पाच मिनिटांत लेन्स हातात ठेवणारा माणूस आपल्या वेळेची नव्हे, स्वतःच्या वेळेची काळजी करत असतो.

आता प्रकार. इथे मी माझी मतं सरळ मांडते, कोणाला पटोत न पटोत.

वर्षभराची लेन्स आपल्याकडे अजूनही मिळते आणि एकरकमी सगळ्यात स्वस्त वाटते. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्याने ती घेऊ नये. अश्रूंमधली प्रथिनं तिच्यावर थर धरतात, आणि तीच लेन्स तीनशे पासष्ट रात्री धुवायची म्हणजे तीनशे पासष्ट वेळा चुकायची संधी. जर्नल वेळेवर पूर्ण न करणारी आपली जमात हे वर्षभर नेटाने करेल यावर माझा काडीचा विश्वास नाही.

महिन्याची लेन्स, तीही सिलिकॉन हायड्रोजेलची, रोज घालणाऱ्यांसाठी. पण एक गैरसमज आमच्या मजल्यावर घट्ट रुतून बसला आहे : ‘मी महिन्यातून दहाच दिवस घातली, म्हणजे अजून वीस दिवस शिल्लक.’ अजिबात नाही! महिना मोजायचा तो पाकीट फोडल्यापासून, घातलेल्या दिवसांवरून नव्हे. मेसचं कार्ड आणि लेन्स यांत हा फरक आहे, इथे सुट्टीचे दिवस वजा होत नाहीत.

एक दिवसाची, म्हणजे डेली लेन्स. सकाळी फोडायची, रात्री फेकायची. डबी नाही, सोल्युशन नाही. रोज घालायची तर महिन्याला साठ लेन्स लागतात आणि खिसा हलका होतो, हे मान्य. पण जिला फक्त प्रेझेंटेशन, लग्नकार्य, नाच आणि क्रिकेटच्या मॅचपुरती लेन्स हवी, तिने हिशेब मांडून बघावा. महिन्यातून पाच-सहा दिवस म्हणजे दहा-बारा लेन्स. महिन्याची जोडी, सोल्युशनची बाटली आणि डबी यांच्या खर्चाशी तुलना केली, तर डेली वाटते तेवढी महाग नाही. मात्र ती रात्री परत पाकिटातल्या पाण्यात ठेवून उद्या घालायची नसते. ते पाणी जंतू मारत नाही.

सिलिंड्रिकल नंबर असेल तर टोरिक. कॉर्निया चेंडूसारखी गोल नसून थोडी अंड्यासारखी असली की हा नंबर येतो. टोरिक लेन्स डोळ्यात फिरू नये म्हणून बहुतेक वेळा तिचा खालचा भाग थोडा जाड ठेवतात. नंबर थोडासाच असेल तर साध्या लेन्सवर भागतंही, पण ड्रॉइंगच्या तासाला रेषा दुहेरी दिसत असतील तर ‘चालवून घेऊ’ म्हणू नका. नंबर फार जास्त असेल किंवा केराटोकोनस असेल, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखी पुढे येत असेल, तर हार्ड, म्हणजे ऑक्सिजन जाऊ देणारी आरजीपी लेन्स. तिचं नाव ऐकूनच लोक घाबरतात. पहिले काही दिवस ती टोचल्यासारखी वाटते हे खरं, पण ती स्वतःचा आकार सोडत नाही, तिच्या आणि कॉर्नियाच्या मधली वेडीवाकडी जागा अश्रू भरून काढतात आणि दिसतं मात्र लख्ख. आणि हो, ज्यांचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो आणि जे सारखे डोळे चोळतात, त्यांनी केराटोकोनसची तपासणी जरूर करून घ्यावी. डोळे चोळायची सवय तर आजच सोडावी.

राहिली रंगीत लेन्स. नंबर नसला तरी ती लेन्सच असते. दागिना नव्हे! अमेरिकेत २००५ पासून बिननंबरच्या रंगीत लेन्सनाही कायद्याने वैद्यकीय साधन मानलं जातं आणि त्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आपल्याकडे मात्र गॅदरिंगच्या ग्रीनरूममध्ये एकच निळी जोडी तिघींच्या डोळ्यांतून फिरते. नथ फिरवावी, पैठणी फिरवावी, हवं तर घुंगरू फिरवावेत. लेन्स कधीच फिरवू नये. एकीच्या डोळ्यातले जंतू दुसरीला भेट द्यायची ही पद्धत आता बंद झाली पाहिजे.

हे सगळं झालं कागदावरचं. पण लेन्स कपाटात राहत नाही, ती आपल्या दिनक्रमात राहते. आणि आपला दिनक्रम म्हणजे नाईट मारणे, टाकीचं पाणी आणि वर्कशॉप.

झोपेपासून सुरू करू. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे प्रसिद्ध झाले. कॉर्नियाला जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण साध्या सॉफ्ट लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्यांत वर्षाला दर दहा हजारांत २च्या आसपास होतं. लेन्स घालून झोपणाऱ्यांत ते २०च्या आसपास, म्हणजे दहापट! आणि गंमत म्हणजे, जास्त ऑक्सिजन देणारी सिलिकॉन हायड्रोजेल घालून झोपणाऱ्यांत तर ते २५ होतं. याचा अर्थ मोकळा श्वास आणि जंतूंपासून संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेली लेन्सवाल्यांतही ते दोनच्या आसपास होतं, शून्य नव्हे. म्हणजे महाग लेन्स घेतली की सवयी सुधारायची गरज संपली, असं नाही.

आमच्याच मजल्यावरची एक मुलगी सबमिशनच्या आदल्या रात्री पहाटे चारला लेन्ससकट झोपली. सकाळी डोळा लाल, दुपारी उजेड सहन होईना. कोणीतरी मेडिकलमधून ड्रॉप्स आणून घातले. संध्याकाळी ते बंद करून डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कॉर्नियावर पांढरा ठिपका होता. तासातासाने औषध घालायचं म्हणून तिच्या आई गावाहून येऊन आठ दिवस राहिल्या. डोळा वाचला, पण त्या ठिपक्याच्या जागी बारीकसा डाग राहिला आहे आणि रात्री दिवे फुटल्यासारखे दिसतात, असं ती सांगते. ज्या सबमिशनसाठी जागली, ते सबमिशन तेवढं राहिलं. लाल डोळ्यात मनाने ड्रॉप्स घालू नका, हे म्हणूनच पुन्हा सांगते. त्यात स्टेरॉइड असेल आणि संसर्ग बुरशीचा असेल, तर तो उलट बळावतो. डोळा लाल झाला, दुखला, पाणी आलं, धूसर दिसलं, की आधी लेन्स काढायची, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा आणि लेन्स व डबी फेकून न देता बरोबर न्यायची.

दुसरं पाणी. अकँथामिबा नावाचा एक सूक्ष्मजीव नळाच्या पाण्यात, टाकीत, पोहण्याच्या तलावात, मातीत सगळीकडे असतो. तो स्वतःभोवती कवच करून बसतो आणि नेहमीच्या क्लोरिनलाही दाद देत नाही. कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन् महिने चालतात. आपल्या गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली होती, हे कोणाला आठवत असेल तर हात वर करा! तेव्हा लेन्स नळाच्या पाण्याने धुवायची नाही. कूलरच्या फिल्टरच्या पाण्यानेही नाही, ते प्यायला चांगलं असतं पण निर्जंतुक नसतं. हात साबणाने धुवून, कोरडे करून मगच लेन्सला हात लावायचा. आंघोळीला, पोहायला, पावसाळी ट्रेकला धबधब्याखाली उभं राहताना लेन्स काढलेली हवी. विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल आणि रंगपंचमीला रंग, या दोन दिवशी तर चष्माच बरा.

सोल्युशनचंही तेच. डबीतलं कालचं सोल्युशन तसंच ठेवून वरून दोन थेंब टाकणं म्हणजे मेसमधल्या कालच्या आमटीला आज पुन्हा फोडणी. रोज जुनं ओतायचं, लेन्स तळहातावर बोटाने चोळायची, नवं घ्यायचं. डबी उपडी ठेवून वाळवायची आणि दर तीन महिन्यांनी बदलायची. २००६ मध्ये बॉश अँड लॉम्बचं एक सोल्युशन बुरशीच्या संसर्गाशी संबंध आढळल्यामुळे जगभरातून मागे घेतलं गेलं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाटलीबाबत हे होऊ शकतं, तर आपल्या डबीबद्दल गाफील राहून कसं चालेल?

तिसरं वर्कशॉप. ‘वेल्डिंगची ठिणगी बघितली की लेन्स डोळ्याला चिकटते’ ही कथा प्रत्येक बॅचला ऐकायला मिळते. ती निव्वळ अफवा आहे आणि १९८०च्या दशकापासून जगभर फिरते आहे. उलट २००५ मध्ये अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या संशोधन संस्थेने, नियॉशने, योग्य गॉगल असेल तर रसायनांच्या कामावरही लेन्स वापरू द्यावी असं सुचवलं. पण ‘योग्य गॉगल असेल तर’ हे शब्द गाळू नका! लेन्स डोळ्याचं संरक्षण करत नाही, आणि साधा चष्माही सेफ्टी गॉगल नव्हे. ग्राइंडिंगचा कण दोघांनाही विचारत नाही.

“आम्ही वर्षानुवर्षं लेन्स घालून झोपतो, आम्हाला काही झालं नाही,” असं सांगणारे सीनियर प्रत्येक मजल्यावर असतात. दहा हजारांत वीस म्हणजे नऊ हजार नऊशे ऐंशी जणांना काहीच होत नाही, त्यामुळे ते खोटं बोलत नाहीत. पण हेल्मेटशिवाय घरी सुखरूप पोचलेला माणूस हेल्मेटवर मत द्यायला पात्र ठरतो का? कोणी म्हणेल, मग लेन्स घ्यायचीच नाही का? जरूर घ्या. जास्त नंबर असलेल्यांना लेन्समधून कडेपर्यंत स्वच्छ दिसतं, घामाने चष्मा नाकावरून घसरत नाही, खेळताना फुटत नाही. आणि चांगलं दिसावंसं वाटणं हाही काही गुन्हा नाही. फक्त लेन्स घेतली तरी चालू नंबरचा चष्मा जवळ हवाच. ज्याच्याकडे चष्मा नाही, तोच लाल डोळ्यातही लेन्स घालतो.

आणि सगळा भार विद्यार्थ्यांवर टाकून चालणार नाही. रेक्टर मॅडम आणि सरांना विनंती आहे, की प्रत्येक मजल्यावरच्या बेसिनपाशी साबण आणि चांगला दिवा असावा. टाकी धुतल्याची तारीख फळ्यावर लिहावी. वर्कशॉपमधले सेफ्टी गॉगल कपाटातून बाहेर यावेत आणि चष्मेवाल्यांना चष्म्यावरून घालता येतील असेही चार असावेत. पहिल्या वर्षाच्या रक्तगट तपासणीबरोबर डोळ्यांची तपासणीही व्हावी. यातलं काहीच महाग नाही.

म्हणजे माझं मत थोडक्यात असं : कधीमधी घालायची तर डेली. रोज घालायची आणि शिस्त असेल तर महिन्याची सिलिकॉन हायड्रोजेल. शिस्त नसेल तर चष्मा, आणि त्यात कमीपणा काही नाही. मराठीत काळजीने एखादी गोष्ट करण्याला ‘डोळ्यात तेल घालून’ करणे म्हणतात. लेन्सवाल्यांनी तेल तेवढं घालू नये, बाकी म्हण शब्दशः पाळावी.